कुत्र्याला घेऊन वाळवंटात आणि डोंगरात: ॲरिझोनातल्या ट्रेल्सबद्दल विचारायचंय

उन्हातला_पुणेकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली. मे मध्ये पुण्याहून इकडे फिनिक्सजवळ चँडलरला आलो, बायको आणि बंड्यासह. बंड्या म्हणजे आमचा देशी, चार वर्षांचा, १९ किलो, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचा. त्याला इथे आणताना कागदपत्रांचा जो घोळ झाला त्यावर वेगळा धागा निघेल, इथे नको.

पुण्यात दर रविवारी पहाटे आम्ही दोघं सिंहगड करायचो. बंड्या माझ्या पुढे, वर पोचला की दहीवाल्या मावशींच्या समोर जाऊन बसणार, मडक्यातलं उरलेलं दही त्याचं. इथे आलो तर घराच्या खिडकीतून साउथ माउंटन दिसतो, म्हटलं चला नशीब काढलं. जुलैत एका संध्याकाळी सात वाजता, ऊन उतरलंय असं समजून ट्रेलवर घेऊन गेलो. गाडीचं दार उघडलं, साहेबांनी उडी मारली, आणि एकेक पाय वर घेऊन उभाच राहिला, तव्यावर ठेवल्यासारखा. मला आधी वाटलं नाटकं करतोय. तेवढ्यात तिथल्या एका माणसाने पाटी दाखवली की १०० डिग्री फॅरनहाइटच्या वर कुत्र्यांना ट्रेलवर बंदी आहे आणि आत्ता १०६ आहे. घरी येऊन बघतो तर पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्यांना फोड. इतकं अपराधी वाटलं की बायकोला दोन दिवस नीट सांगितलंच नाही, काहीतरी टोचलं असेल म्हणून वेळ मारून नेली.

माझा समज असा होता की देशी आहे, पुण्याचे चार उन्हाळे काढलेत, याला काय होतंय. आता ऑक्टोबर संपत आलाय, सकाळी छान गार असतं. तर विचारायचंय की सुरुवात कुठून करू, पाणी किती न्यायचं, सापांचं काय, ते बूट खरंच लागतात का, आणि फ्लॅगस्टाफकडच्या डोंगरात नेता येईल का. अनुभवी लोकांनी हात मोकळा सोडून लिहा.

---

टक्सनची_काकू

बायकोला खरं सांगितलंस ना शेवटी? बरं.

मी टक्सनला १४ वर्षं आहे, आता आमची दुसरी कुत्री, चिंगी. तुझ्या त्या "देशी आहे, काय होतंय" वर आधी बोलते कारण हे मी इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडून ऐकलंय. अरे पुण्यातली रस्त्यावरची कुत्री मे महिन्यात दुपारी काय करतात आठव. पार्क केलेल्या गाडीखाली, नाहीतर रसवंतीच्या बाजूच्या ओल्या मातीत खड्डा करून पडलेली असतात, साडेदहा-अकराला जी आडवी होतात ती पाचनंतर उठतात. भर दुपारी आठ किलोमीटर चालणारं देशी कुत्रं तू कधी पाहिलंयस का? त्याची अक्कल त्याला सांगते की पड. इथे ट्रेलवर तो चालतो कारण तू चालतोयस. तुझ्या मागे यायचं हे त्याच्या डोक्यात उन्हाच्या वर बसलेलं आहे, म्हणून तो थांबत नाही आणि जेव्हा थांबतो तेव्हा उशीर झालेला असतो.

१०० चा नियम फिनिक्सच्या शहराने २०१६ मध्ये केला, १०० फॅरनहाइट म्हणजे आपले ३८. पण तो नियम आहे, सुरक्षित आकडा नाही. माझा स्वतःचा आकडा ८० आहे, आणि ऊन डोक्यावर असेल तर ७५. जमिनीचं वेगळंच गणित असतं. तळहाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून सात सेकंद ठेवता आली पाहिजे, नाही आली तर घरी. जुलैत सूर्य मावळला तरी डांबर आणि दगड रात्रीपर्यंत तापलेले असतात, तुझी चूक तिथे झाली. इथे उन्हाळ्यात फिरायला पहाट बरी असते, संध्याकाळ नाही. २०२३ चा जुलै तू पाहिला नाहीस, फिनिक्सला सलग ३१ दिवस ११० किंवा त्याच्या वर. तेव्हा चिंगी आणि मी पहाटे सव्वाचारला गल्लीत एक फेरी मारायचो, बास.

सुरुवातीला स्कॉट्सडेलच्या मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्हमध्ये जा. तिथे एक ट्रेलहेड आहे त्याचं नावच लॉस्ट डॉग वॉश आहे, नाव अशुभ असलं तरी चढ कमी आणि वाट रुंद. कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीकच्या शिखराच्या वाटेवर कुत्र्यांना मुळात परवानगीच नाही, तिकडे जाऊन हेलपाटा घालू नकोस.

पाण्याचं आणि चोया निवडुंगाचं नंतर लिहिते, आत्ता कुकर लावायचाय.

---

सह्याद्रीवेडा

वाचतोय, वाचनखूण साठवली. आमच्याकडे डोंगरात कुत्र्यांची गंमत म्हणजे घरचा न्यावाच लागत नाही, पायथ्याच्या गावातून एक आपोआप बरोबर येतो. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून एक काळा आमच्या पुढे पुढे, वर देवळापर्यंत, रात्री तंबूच्या दाराशी, सकाळी पोहे खाऊन परत. त्याला वाट आमच्यापेक्षा जास्त माहीत.

घरचा नेलात तर मात्र वेगळं. माझ्या मित्राने त्याचा लॅब कळसूबाईला नेला, बारीच्या बाजूने. शिड्या आल्या तशी गाडी अडकली. लोखंडी शिडी, त्यात फटी, लॅब ३२ किलो. मागे पन्नास माणसं खोळंबलेली. शेवटी तिथूनच परत फिरले. तेव्हा आधी विचारा की वाटेत शिडी, साखळी, कातळटप्पा आहे का. आणि फेब्रुवारीनंतर आपला काळा कातळपण काही कमी तापत नाही बरं, फॉरेन असो की भोर.

---

नाना_नगरकर

एक विचारू का, राग मानू नका. कुत्र्याला बूट, कुत्र्याला पाण्याची बाटली, कुत्र्यासाठी पहाटे चारला उठायचं. आमच्या गावाकडे मेंढरांमागची कुत्री धनगरांबरोबर शे-दोनशे कोस चालतात, त्यांना कोण बूट घालतं? लाड जास्त झालेत.

---

सह्याद्रीवेडा

नाना, धनगरांची कुत्री चालतात पण मेंढरांच्या वेगाने. मेंढरं दुपारी झाडाखाली बसतात, कुत्रं पण बसतं. आणि त्यांच्या गळ्यात बिबट्यासाठी खिळ्यांचा पट्टा असतो तो लाड नाही का मग?

---

गुपचूप_वाचक

कुत्रा + गड म्हटल्यावर आता कोणीतरी रायगडच्या वाघ्याचा विषय काढणार आणि धाग्याचा काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

टक्सनची_काकू

वाघ्याचं नाव इथे काढलं तर मी धागा सोडून जाईन. नाना, तुमच्या मुद्द्यात दम आहे एक, चालणाऱ्या कुत्र्याचे पंजे टणक होतात. बंड्याचे पाच महिने एसीत बसून मऊ झालेत, तीच तर अडचण आहे. आधी रोज फुटपाथवर आणि खडीवर अर्धा तास, मग ट्रेल.

आता पाणी. १९-२० किलोच्या कुत्र्याला घरात नुसतं बसून दिवसाला एक-सव्वा लिटर लागतं. ट्रेलवर त्याच्या वर. मी चिंगीसाठी तासाला अर्धा लिटर धरते, आणि ते माझ्या पाण्यातलं नाही, तिचं वेगळं. बाटलीवर तिच्या नावाची पट्टी आहे कारण नाहीतर मीच पिते. निम्मं संपायच्या आत मागे फिरायचं, तेव्हा शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. एकदम भसाभसा पाजायचं नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं.

आणि चोया. मेसाच्या बाजूला, टक्सनच्या बाजूला, सगळीकडे हा निवडुंग. लांबून टेडी बेअरसारखा गोंडस दिसतो, पण काट्यांना मागे वळलेले सूक्ष्म दात असतात. त्याचे लिंबाएवढे गोळे वाटेवर पडलेले असतात आणि जरा धक्का लागला की चिकटतात, लोक म्हणतात उडी मारतो. चिंगीच्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या डाव्या पुढच्या पंजाला एक चिकटला. कुत्र्याला काय कळतंय, तिने तोंडाने ओढला. आता तो गोळा अर्धा पंजाला आणि अर्धा वरच्या ओठाला, म्हणजे तोंड पंजाला शिवल्यासारखं. ती किंचाळते आहे, गोल फिरते आहे, मी हाताने काढायला गेले आणि माझी तीन बोटं पण त्यात. सुटायला धडपडावं तसं जास्त रुततं. समोरून एक म्हातारे गृहस्थ आले, खिशातून साधा कंगवा काढला, गोळ्याच्या आणि कातडीच्या मधे सरकवला आणि झटक्यात वर उडवला. गोळा दहा फूट लांब. दुसऱ्या झटक्यात ओठ सुटला. मग उरलेले सुटे काटे आम्ही पकडीने एकेक करून अर्धा तास उपटत बसलो, चिंगीचं डोकं माझ्या मांडीत दाबून. हिरड्यांमधले दोन डॉक्टरने भूल देऊन काढले.

तेव्हा कंगवा आणि पक्कड, या दोन वस्तूंशिवाय घरातून निघायचं नाही. बूट न्या नाहीतर नका नेऊ.

---

आगपेटी

काकू, कंगवा म्हणजे कसला? घरी आईने पाठवलेली लिखांची फणी आहे, ती चालेल का? 😀

---

टक्सनची_काकू

फणी अजिबात नको, दाते इतके जवळ की काटे त्यातच अडकतील. मोठ्या दातांचा, कुरळ्या केसांचा कंगवा.

---

पाइनच्या_सावलीत

मी फ्लॅगस्टाफला. पुणेकर, तुम्ही जून ते सप्टेंबर आमच्याकडे यायला हवं होतं. फिनिक्स समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे फुटांवर, आम्ही सात हजारांवर. अडीच तासांचा रस्ता आणि साधारण पंचवीस डिग्री फॅरनहाइटचा फरक. सगळीकडे पाँडेरोसा पाइन, खाली सुयांचा गालिचा, पंजांना काही होत नाही.

पण डोंगराची म्हणून वेगळी झंझट आहेच. आमच्या इथल्या सॅन फ्रान्सिस्को पीक्स डोंगरांवर काचिना ट्रेलला कुत्रा पट्ट्याने बांधून नेता येतो, मजा येते, ॲस्पनची पानं सप्टेंबरअखेर पिवळी होतात तेव्हा तर विचारू नका. मात्र त्याच डोंगरांतल्या इनर बेसिनमध्ये कुत्र्यांना बंदी, शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं. हम्फ्रीज पीक १२,६३३ फूट, राज्यातला सर्वात उंच. फिनिक्सहून सकाळी निघून त्याच दिवशी कुत्र्याला वर चढवायचा प्रयत्न करू नका, उंची कुत्र्यालाही लागते. आमचा अकरा हजारांच्या वर गेला की चालायचा थांबून नुसता बसतो आणि माझ्याकडे बघतो. पहिल्यांदा वाटलं आळस, मग खाली आणला तर हजार फूट उतरल्यावर परत पळायला लागला. जुलै-ऑगस्टात दुपारी विजा. बाराच्या आत झाडीत परत आलं पाहिजे. आमच्या कुत्र्याला फटाक्यासारखं होतं, एकदा गडगडाट झाला आणि पट्टा हातातून हिसकावून गेला, तीन तास शोधत होतो. गाडीजवळ बसलेला सापडला. तेव्हापासून पट्टा कमरेला.

आता हिवाळ्यात यायचं तर बर्फ. बोटांच्या मधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या होतात, ते केस कापून ठेवा.

---

आगपेटी

नॅशनल पार्कांचं कोणी सांगेल का? आम्ही थँक्सगिव्हिंगला आमच्या मोतीला घेऊन ग्रँड कॅन्यनला जायचं म्हणतोय.

---

पाइनच्या_सावलीत

इथे लोक हमखास फसतात. साधारण असं धरा की नॅशनल फॉरेस्ट म्हणजे कुत्र्याला घर, नॅशनल पार्क म्हणजे सासुरवास. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर काठाकाठाने नेता येतं, पण काठाच्या खाली एक पाऊल नाही. तुम्हाला ब्राइट एंजेल ट्रेलने खाली उतरायचं असेल तर मोतीला तिथल्या केनेलमध्ये ठेवा, आधी बुकिंग करा. सवारो पार्कात फक्त डांबरी रस्ता आणि पक्क्या छोट्या वाटा. झायनला एकच वाट, पारुस. आर्चेसला ट्रेलवर काहीच नाही, पण तिथूनच जवळ डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क आहे, तिथल्या पायवाटांवर चालतं आणि नजारा तोडीस तोड.

अपवाद म्हणजे पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स. दोन्हीकडे सहा फुटी पट्ट्याने खुशाल फिरा.

---

आगपेटी

कोलोरॅडोच्या ग्रेट सँड ड्यून्सलाही चालतं, आम्ही जूनमध्ये गेलो होतो. माझ्याकडून एक गाढवपणा सांगून ठेवते. सकाळी सातला चढलो तेव्हा वाळू गार, मोती लोळत होता. वर फोटो काढत बसलो, दहा-साडेदहाला उतरायला लागलो तर वाळू तापलेली. पार्कवाल्यांनी लिहिलेलंच असतं की उन्हाळ्यात ती १५० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ६५ सेल्सिअसपर्यंत जाते, आम्ही वाचलं आणि विसरलो. जाताना जे पाऊण तासाचं होतं ते येताना नवऱ्याने मोतीला खांद्यावर घेऊन, मी त्याच्या पंजांना माझे मोजे घालून, असं करत दीड तास. वाळवंटात परतीची वाट ही वेगळीच वाट असते, तास बदलला की जमीन बदलते.

---

गुपचूप_वाचक

नवऱ्याच्या खांद्यावर मोज्यातला मोती, फोटो पाहिजेच.

---

जनावरांची_डॉक्टर

मी पुण्यात प्रॅक्टिस करते, म्हणून उष्माघातावर दोन शब्द. कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की काळजी. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, सगळी भिस्त धापेवर. धाप लागणं नॉर्मल, पण जीभ लांब, रुंद होऊन टोकाशी वळली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, चालताना मागचे पाय लटपटले की खेळ संपला, तिथेच थांबा. सावली, मग पोटाला, जांघेत, पंजांना साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, गरम होऊन उलटा त्रास, नुसतं ओतत रहा. आधी गार करायला लागा, मग गाडी पळवा, गाडीत एसी फुल. आणि तो उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंड, रक्त गोठणं हे सगळं दुसऱ्या दिवशी दगा देतं. माझ्याकडे पर्वतीवर सकाळी नऊला नेलेला पग आला होता, "आता बरा आहे" म्हणून मालक आदल्या दिवशी आलेच नाहीत. नाही वाचला.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, पग, बुलडॉग, यांना कृपया ट्रेकला नेऊ नका.

---

नाना_नगरकर

डॉक्टरताई, पगचं वाचून वाईट वाटलं. लाडाचं मी म्हटलं ते मागे घेतो, निम्मं.

---

मेसाचा_म्हाद्या

साप कोणी सांगितला नाही अजून. रॅटलस्नेक साधारण मार्च ते ऑक्टोबर, पण नोव्हेंबरात ऊबदार दुपार असेल तर दगडावर पडलेला असतो. तो आपण होऊन मागे लागत नाही, कुत्रं नाक घालतं म्हणून चावतो, त्यामुळे चावा बहुतेक तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर. पट्टा आखूड ठेवा, लांब सुटणारा दोरीचा पट्टा इथे कामाचा नाही. चावलाच तर चिरायचं नाही, बांधायचं नाही, चोखायचं तर नाहीच, कुत्र्याला उचलून शांतपणे खाली आणायचं आणि वाटेतूनच फोन करून विचारायचं की विषावरचं औषध आहे का, सगळीकडे नसतं. आमच्या शेजाऱ्यांना एका दवाखान्याने तिथे पोचल्यावर "आमच्याकडे नाही" सांगितलं, त्यात चाळीस मिनिटं गेली. कुत्रा जगला, बिल मात्र हजारोंत.

पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर मोठा विषारी वाळवंटी बेडूक. कुत्र्याने तोंडात धरला तर पाण्याचा पाइप तोंडाच्या बाजूने, धार बाहेरच्या दिशेला, घशात नाही. आणि लगेच डॉक्टर.

शिवाय व्हॅली फीव्हर. मातीतली बुरशी, धुळीतून फुप्फुसात जाते, माणसालाही होतो. आमच्या राणीला झाला तेव्हा ट्रेलवरचा लचका समजून आम्ही दोन महिने पाय चोळत बसलो. लंगडणं, कोरडा खोकला, वजन कमी, जेवणावरून लक्ष उडालेलं. रक्त तपासलं तेव्हा कळलं. फ्लुकोनाझोल दिवसातून दोनदा, नऊ महिने. आता ठणठणीत. घाबरून घरात बसायचं कारण नाही, पण इथला कुत्रा खोकला की पहिलं हे तपासा. आणि त्याला भोकं उकरू देऊ नका, बंड्याला सवय असेलच.

---

उन्हातला_पुणेकर

मंडळी, काय लिहू, दंडवत. सगळं प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. बायकोने काकूंची पहिली ओळ वाचली, म्हणून तिलाही सगळं कळलं.

अपडेट. दोन आठवडे रोज फुटपाथ केला. मग काल, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, लॉस्ट डॉग वॉश. साडेसहाला गाडी लावली, ५४ डिग्री. हात टेकवला, जमीन गारच. बूट आणले होते, बंड्याने घातल्यावर पाय झटकत अशी काही परेड केली की दोन अमेरिकन आज्या हसून खाली बसल्या. काढून सॅकमध्ये टाकले.

पहिले दहा मिनिटं तो वाटेवर प्रत्येक गोष्ट हुंगत होता, सवारो निवडुंगाच्या बुंध्याशी येऊन मान वर करून बघितलं, पाय वर करायचा विचार केला, काटे बघून रद्द केला. कोरड्या ओढ्यात उतरल्यावर एकदम कान उभे, समोर पलीकडच्या काठावर कायोटी. बारीक, राखाडी, अगदी आपल्याकडच्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा. दोघं अर्धा मिनिट एकमेकांकडे बघत उभे. बंड्या भुंकला नाही, शेपूट पण नाही हलवली. कायोटीच वळून गेला. मग बंड्याने माझ्याकडे असं बघितलं की हा आपल्या सोसायटीतला होता का.

साधारण चार किलोमीटरवर त्याची बाटली निम्मी झाली. पुढे एक छोटी खिंड दिसत होती, दहा-पंधरा मिनिटं, फार तर वीस. काकू, तुमची आठवण काढली, शिव्या नव्हत्या, आणि वळलो. उतरताना चोया भेटलाच, शेपटीला, तळापासून दोन इंचांवर. कंगवा सरकवला, झटका दिला, गेला. तीन सेकंदांचं काम. गोळा मात्र उडून माझ्याच पोटरीला लागला. मग स्वतःसाठी परत कंगवा.

---

टक्सनची_काकू

छान केलंस. कंगवा शेपटीकडून घे नेहमी, म्हणजे गोळा डोंगराकडे उडतो, तुझ्याकडे नाही.

---

आगपेटी

फोटो डकवा हो, बूट घातलेला आधी.

---

उन्हातला_पुणेकर

डकवतो संध्याकाळी. एक शेवटची शंका, आई पुढच्या महिन्यात येतेय आणि फोनवर विचारत होती की तो कंगवा घरात इतर कोणी वापरत नाही ना. बायको माझ्याकडे बघतेय. मूळचा तिचा आहे.